बाटलीतली पंचगंगा

शाळेच्या पालकसभेला मला पाठवायचं म्हटलं की माझ्या मुलाच्या पोटात गोळा येतो. मी बोलते, हे त्याचं दुखणं. पण दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सभेदिवशी त्याला फौंड्रीत दिवसपाळी लागली, सुनेला बँकेतून सुटता येईना, म्हणून नाइलाजानं माझी नेमणूक झाली. बूट घालता घालता त्यानं मला बजावून सांगितलं, "आई, नुसतं ऐकून यायचं. सहावीला ह्या सत्रात काय शिकवणार ते मॅडम सांगतील. ते ऐकायचं आणि गुमान घरी यायचं."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तुला कोण विचारतंय!"

ते मात्र खरं होतं. गेले, नातीच्या बाकावर बसले. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागायचे बाकी होते. वर्गात आयाच जास्त, थोडे बाप, आणि आजी म्हणून मी एकटी. मॅडम अगदी तरुण. नव्यानंच लागलेल्या असाव्यात, कारण बोलताना पालकांनाच घाबरत होत्या. त्यांनी भिंतीवर चित्रं पाडून एकेक विषय सांगितला. गणितात शेकडेवारी, भूगोलात नकाशे, विज्ञानात पदार्थांचे गुणधर्म. माझं अर्धं लक्ष होतं, अर्धं गुडघ्यांत. मग त्या म्हणाल्या, "आणि ह्या सत्राचा आपला मोठा प्रकल्प, आपली नदी."

मी सरळ बसले.

"मुलांनी स्वतः पंचगंगेवर जायचं. मोठ्यांना बरोबर घेऊन. रुंद तोंडाच्या बाटलीत स्वतःच्या हातानं पाणी भरायचं. रंग कसा, वास कसा, काय तरंगतंय, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, आपल्या नाकानं हुंगायचं. मग शाळेत सगळ्यांसमोर आपण ते पाणी तपासणार."

काय सांगू, मला त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटला. मी शाळेत चौथीपर्यंतच. मुरगूडजवळच्या गावात आमची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि चौथीनंतर माझी शाळा घरच्यांच्या मते पुरेशी झाली होती. पुढचं जे काही वाचायला शिकले ते मुलाची पुस्तकं त्याच्याबरोबर वाचून. त्याची दहावी झाली तेव्हा माझीही मनातल्या मनात झाली. पण नदी मला कुणी पुस्तकातनं शिकवली नव्हती. वेदगंगेच्या वाळूत हातानं झिरा खणायचा, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायचं, मग निवळ पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. वरच्या अंगाला पिण्याचं, त्याच्या खाली धुण्याचं, अगदी खाली म्हशींचं. हा नियम मोडला तर म्हातारी माणसं काठी घेऊन पाठीला लागत. आता माझी नात नदी शिकणार, ती पण मार्कांसाठी! मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. पालकांचे हात वर झाले.

"मॅडम, ह्याला मार्क किती?"

"मॅडम, रेडीमेड काही मिळत असेल तर सांगा. आम्ही आणतो."

"माझ्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. त्यानं केलं नाही तर चालेल का?"

"नदीत कुठली आली धूळ?" हे मी. तोंडातनं निघून गेलं.

थोडं हसू झालं. पण माझ्या पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला भारी अत्तर, ते नाकाशी हात नेऊन म्हणाले, "शी! पंचगंगेवर? मुलांना?" आणि आजूबाजूच्या चार बायकांनी माना हलवल्या.

ती "शी" मी बरोबर घेऊन घरी आले. पायाला शेण लागावं तशी. अहो, तिथलंच पाणी पिऊन एवढे मोठे झालात, तिथंच तुमचं गणपतीचं विसर्जन, तिथंच दहाव्याचे पिंड. आणि तोंड कसं वाकडं करताय, जसं काही ती घाण शेजारच्या गावची आहे!

संध्याकाळी नातीला सांगितलं. ती अकरा-बारा वर्षांची, हाडानं बारीक, पण एकदा डोक्यात घेतलं की मग समोरच्याचं काही खरं नाही. लोणच्याची रिकामी बरणी तिनं तीन वेळा घासली, गरम पाण्यानं विसळली, उन्हात वाळवली. मी म्हटलं, "अगं, नदीचं पाणी भरायचंय, लोणचं न्हाय."

"आजी, बरणीचीच घाण पाण्यात आली तर? मग मॅडमना वाटेल नदीची आहे."

बघा. नदीवर खोटा आळ येऊ नये म्हणून ही बरणी घासत होती.

त्याच रात्री जेवताना सुनेचा फोन टुणटुण वाजत होता. वर्गातल्या आयांचा ग्रुप. सून वाचून दाखवत होती आणि मला घास गिळेना. एकीनं लिहिलं होतं, आम्ही फिल्टरचं भरून देणार, कुणाला कळतंय. दुसरीनं लिहिलं, नळाला तरी कुठलं येतंय, नदीचंच की, मग नळाचं चालतंय. त्याच्याखाली हसरी तोंडं आणि अंगठ्यांची रांग. तिसरीनं विचारलं होतं, नदीचं पाणी निळं असतं ना, मग निळीचा एक थेंब टाकला तर छान दिसेल का?

"दिसंल की," मी म्हटलं. "वर एक कागदाची होडी पण सोड म्हणावं."

"आत्ती, हसू नका," सून म्हणाली. ती मनानं वाईट नाही, धास्तावलेली असते. "मला पण वाटतंय नळाचंच द्यावं. घाटावर किती घाण असते. हात घातला आणि हिला काही झालं म्हणजे? पुढच्या महिन्यात चाचणी आहे."

नातीनं ताटातनं मान वर केली. "मम्मी, मॅडम म्हणाल्यात स्वतः जाऊन भरायचं."

"अगं, सगळेच नळाचं नेणार आहेत."

"मग मी पण खोटं नेऊ?"

मुलगा वाटीतला रस्सा भुरकत होता, तो थांबला. सून माझ्याकडं बघायला लागली. मला तेव्हाच कळलं, ह्या सत्रात ही पोरगी शेकडेवारी शिकेल न शिकेल, पण ह्या एका गोष्टीचं काय शिकायचं ते आता शिकणार. आणि ते कुठल्याही धड्यात नाही, आमच्या तोंडाकडं बघून शिकणार. मी म्हटलं, "मी नेतो तिला. हात मी घालीन, बरणी ती धरंल." रागात असले की मी अशीच बोलते, आमच्याकडच्या बायकांसारखी, पुरुषी.

रविवारी सकाळी रिक्षा केली. नुकतीच त्रिपुरी झाली होती. त्या रात्री घाटावर पणत्या लागतात, सगळं कोल्हापूर बघायला लोटतं, फोटो काढतं, आणि तेच फोटो मग वर्षभर सगळ्यांच्या फोनवर. फोटोतला घाट सोन्याचा दिसतो. आम्ही उतरलो तो त्याच्या नंतरचा घाट होता.

रिक्षावाल्यानं लांबच गाडी उभी केली. "मावशी, इथनं चालत जावा. पुढं लई वास मारतोय."

पायऱ्यांवर तेलाचा राप बसलेला. फुटक्या पणत्या, त्यांच्यात भिजून काळ्या झालेल्या वाती, चहाचे कागदी कप, वडापावचे कागद, आणि त्या सगळ्यात फिरणारी दोन कुत्री. आणखी खाली देवांच्या तसबिरी रचून ठेवलेल्या. काचा फुटलेल्या, आतले देव भिजून फुगलेले. घरात ठेवायला नको, कचऱ्यात टाकायला भीती, म्हणून नदीच्या दारात आणून सोडायचे. म्हाताऱ्या माणसांना सोडतात तसे. पाण्याच्या कडेला हिरव्या पानांचं केंदाळ दाटलं होतं आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, प्रत्येकीत निर्माल्य, प्रत्येकीला गाठ. फुलं तरी सुटी सोडा की बाबांनो, कुजून माती तरी होतील! पिशवीत कुजलेल्या झेंडूचा वास कधी घेतलाय का तुम्ही? घेऊ नका. गोड येतो. तेच जास्त वाईट. डोळे मिटून घेतला तर क्षणभर देवघराचा वाटतो आणि मग पोटातनं उमळून येतं.

पलीकडं एक माणूस गुडघाभर पाण्यात टेम्पो धूत होता. पाण्यावर निळसर तेलाचे डोळे फिरत होते आणि त्याच्या खालच्या अंगाला एक म्हातारा चूळ भरत होता. वरच्या अंगाला पिण्याचं आणि खाली म्हशींचं, असा नियम पाळणाऱ्या माणसांची मी नात. मला तिथं उभं राहवेना.

"पावणं," मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "वरनं कुणी येऊन तुमच्या प्यायच्या पाण्यात पाय धुतला तर चालंल का?"

"मी काय एकटाच धुतोय व्हय आज्जी?" तो हसत म्हणाला. "ते वरनं नाल्याचं येतंय, त्याला विचारा जावा की. माझ्या साबणानं उलट स्वच्छच हुतंय."

तेवढ्यात एक जोडपं पायऱ्या उतरून आलं. नवं लग्न झालेलं असावं, तिच्या हातात हिरवा चुडा. नदीची ओटी भरायला आले होते. नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकू, सगळं दुकानातनं मिळालेल्या पिशवीत. तिनं एका हातानं पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं ती पिशवी तशीच, गाठ न सोडता, पाण्यात भिरकावली. नवऱ्यानं नाक चिमटीत धरलं होतं, तसंच धरून त्यानं उरलेल्या हातानं नमस्कार केला.

नाक धरून नमस्कार! माझं एवढं आयुष्य गेलं, पण असा नमस्कार मी बघितला नव्हता. अहो, आईच्या अंगाला वास येतोय तर तिला आंघोळ घाला. नाक दाबून पाया कसल्या पडताय?

नात माझा पदर ओढत होती. "आजी, नको ना बोलू. बरणी भरूया."

मी पदर खोचला, दोन पायऱ्या खाली गेले आणि बरणी पाण्यात घालणार तोवर ती म्हणाली, "मॅडम म्हणाल्यात स्वतःच्या हातानं." आणि माझ्या हातातनं बरणी घेऊन ती खाली बसली. केंदाळ बाजूला सारलं. हात मनगटापर्यंत आत. तिचं तोंड कसनुसं झालं, ओठ घट्ट मिटले, पण बरणी तोंडापर्यंत भरली. वर काढली तर पाणी काळपट हिरवं, एक वात तरंगत होती आणि तळाला काहीतरी शेवाळ्यासारखं हळूहळू बसत होतं. वास मी सांगत नाही. नातीनं हुंगला, ओकारी दाबली आणि परत एकदा हुंगला.

"एकदा पुरे की गं."

"एकदा मी श्वास धरला होता," ती म्हणाली.

घरी आल्यावर बरणी आत घ्यायला कुणी तयार नव्हतं. टोपण घट्ट लावलं तरी वास येत होता, का आमच्या नाकांत बसला होता, देव जाणे. मुलानं ती गॅलरीत कुंड्यांच्या मागं ठेवली आणि हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. "आई, उद्या शाळेत ही नेली तर तिलाच हसतील. एवढी एकच अशी दिसेल."

"दिसू दे की. एकाच्या तरी बरणीत नदी हाय म्हणायचं."

तो गप्प बसला. पण गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, हे मला त्याच्या बापापासनं ठाऊक आहे.

प्रकल्पाच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. सभागृहात लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, त्यावर बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीवर मुलाचं नाव, कुणाला रिबन, कुणाला चमकी. आणि पाणी? काचेसारखं! एका बाटलीला दुकानातल्या पाण्याचं टोपणसुद्धा तसंच होतं. निळीवालीनं खरंच निळीचा थेंब टाकला होता आणि वर बाटलीच्या गळ्यात शंखशिंपल्यांची माळ, समुद्रातनं आणल्यासारखी. आया एकमेकींच्या बाटल्यांचं कौतुक करत होत्या. अत्तरवाले गृहस्थ मुलाचा बाटलीसकट फोटो काढत होते. सगळ्यांना ठाऊक, की सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तरी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडताना पापणी हलत नव्हती. घाटावर निदान वास तरी येत होता.

माझ्या नातीची बरणी रांगेत शेवटी होती. शेजारच्या मुलीच्या आईनं स्वतःची बाटली हळूच वीतभर सरकवून घेतली.

पाहुणे आले. कुणी तरी मोठे होते, हारतुऱ्यांची सवय असलेले. मुख्याध्यापिकाबाई पुढं आल्या. "पाण्याचं काम आहे, तेव्हा आधी जलपूजन करू या."

आता ह्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही, हे सांगते. आमच्याकडं नवा मिक्सर आला तरी आधी त्याला हळदीकुंकू, मग बटण. मी आपले हात जोडून उभी राहिले. तपासणीसाठी आता टोपणं काढून ठेवली. बाई ताम्हण घेऊन रांगेनं निघाल्या, शेवटच्या बरणीपाशी नाकाला झोंबलं तशा थबकल्या. शिपायाला डोळ्यानं खुणावलं. त्यानं माझ्या नातीची बरणी उचलली आणि टेबलाखाली, चादरीच्या आड ठेवली.

"देवाच्या कामाला वास नको," बाई हळूच म्हणाल्या.

नात तिथंच उभी होती. मान खाली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मी पुढं पाऊल टाकलं तर सुनेनं माझा दंड धरला. त्या दिवशी अर्धी रजा टाकून ती मुद्दाम आली होती. बहुतेक माझ्यासाठीच.

मग पूजा सुरू झाली. पाहुणे बाटलीला हळदीकुंकू लावायला गेले तर बाई म्हणाल्या, "साहेब, पूजा पाण्याची आहे, प्लॅस्टिकची नव्हे. आत वाहा." झालं. साहेबांनी चिमूट चिमूट हळद, चिमूट चिमूट कुंकू, फुलाची एकेक पाकळी, दोन अक्षता, असं करत एकूण एक बाटलीत घातलं. सढळ हात होता. मुलांनी प्रार्थना म्हटली. उदबत्ती ओवाळली. टाळ्या झाल्या.

तरुण मॅडम हातात तपासणीच्या कागदी पट्ट्या घेऊन पुढं आल्या. पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग बदलतो, तो तक्त्याशी ताडून बघायचा, असं त्यांनी मुलांना समजावून सांगितलं. पहिल्या बाटलीत पट्टी बुडवायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

बाटलीतलं पाणी लालभडक. दुसरीतलं केशरी. निळीवालीचं जांभळं झालं होतं. रांगच्या रांग रंगपंचमीच्या पिंपासारखी.

"मॅडम, कशाचा रंग बघायचा?" एका पोरानं विचारलं. "कुंकवाचा?"

पोरं खिदळली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी खरं सांगते, तेवढंच त्या सभागृहातलं खरं पाणी होतं. पाहुणे घड्याळ बघत म्हणाले, "चला, दाखवा प्रयोग." बाई म्हणाल्या, "थोडी तांत्रिक अडचण आहे साहेब, आपण अल्पोपाहार..." आणि तेवढ्यात त्या घाबरट मॅडमनी, काय त्यांच्या मनात आलं असेल, चादर उचलली आणि टेबलाखालची बरणी वर काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"ह्याच्यात काही पडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"राहू दे ते," बाई म्हणाल्या.

पण पट्टी बुडाली होती. वास पुढच्या रांगेपर्यंत पोचला. पाहुण्यांनी रुमाल काढला. अत्तरवाल्यांनी काढला. मागून कुणी तरी "शी!" म्हटलं. पट्टीचा रंग बदलत गेला, मॅडमनी ती तक्त्याशेजारी धरली, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मुलांनो, हे पाणी पिण्यालायक नाही. आंघोळीलाही नाही."

"कुठलं आहे हे?" रुमालातनं पाहुण्यांनी विचारलं.

"नदीचं," माझी नात म्हणाली.

"म्हणजे साहेब, घाटाजवळचं आहे, तिथं जरा..." बाई घाईनं म्हणाल्या. "एकाच जागचं. बाकी नमुने अगदी स्वच्छ होते. आपण बघितलेत."

मग मात्र सुनेचा हात माझ्या दंडाला पुरला नाही.

"व्हय की," मी म्हटलं, "मग बाकीचं कुठलं हाय? आमचं तेवढं नदीचं आणि ह्यांचं कुठल्या विहिरीचं? एकीनं तरी सांगा, कुठल्या पायरीवरनं भरलंय!"

निळीवाली माळ सारखी करायला लागली. अत्तरवाल्यांनी रुमालात तोंड आणखी आत घातलं. आणि कुणी रागावलं नाही, कुणी उलट बोललं नाही, हेच मला सगळ्यात घाण वाटलं. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे नुसते वाट बघत होते, म्हातारी कधी गप्प बसते त्याची. मी थांबले तसे बाई म्हणाल्या, "चला साहेब, उपमा थंड होतोय," आणि गर्दी दाराकडं वळली.

बरणीभोवती फक्त मुलं उरली. "ए, मला वास घेऊ दे." "मला पण!" "आईशप्पथ, कसला मारतोय!" "तू खरंच हात घातलास?" चिमटीत नाकं दाबून, परत सोडून, परत हुंगून. मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्यांनी कुणाला हाकललं नाही.

मला वाटलं नात खूश असेल. घरी जाताना रिक्षात ती बरणी मांडीवर धरून बाहेर बघत बसली होती. शेवटी म्हणाली, "तू का बोललीस? मी सांगितलं होतं की, नदीचं आहे. तेवढं बास होतं." तिचं खरं होतं. ती एक शब्द बोलली होती आणि मी भाषण केलं होतं.

पुढच्या आठवड्यात शाळेतनं आल्यावर तिनं दप्तर टाकलं आणि सांगितलं, मॅडमनी फळ्यावर प्रकल्पाचं उत्तर लिहून दिलंय. सगळ्या वर्गानं तेच उतरवायचं. आपल्या नदीचे पाणी: रंग, पारदर्शक. वास, नाही. तरंगणारे पदार्थ, नाहीत. हे सांगताना मॅडम फळ्याकडंच तोंड करून उभ्या होत्या म्हणे. मुख्याध्यापिकाबाई दारात होत्या.

मला त्या मॅडमचा राग यावा की कीव, कळेना. मुका घ्यावासा वाटला होता मला त्या पोरीचा. तिला नोकरी टिकवायची होती. पण नदीवर न जाता नदीचं उत्तर पाठ करायला लावायचं, तेही आपण स्वतः पट्टी बुडवून बघितल्यावर! नाल्याचं पाणी निदान नाल्यातनं येतं. हे स्वच्छ खडूनं, सुंदर अक्षरात, फळ्यावरनं उतरून सगळ्या वर्गात.

"लिही बाळ फळ्यावरचं," सून म्हणाली. "पूर्ण मार्क मिळतील. खरं काय ते आपल्याला माहीत आहे ना? मग झालं."

मुलगा दारात उभा होता, नुकताच पाळीवरनं आलेला, हाताला काजळी. मी ह्यावेळी तोंड उघडलं नाही. किती अवघड गेलं ते माझं मलाच ठाऊक. तो खाली बसला आणि म्हणाला, "तू काय बघितलंस?"

"काळपट हिरवं. वात होती. पिशव्या. वास..." ती थांबली. "वास कसा लिहायचा?"

"आला तसा लिही."

सुनेनं उठून कुकर लावला. बऱ्याच वेळानं आतनं म्हणाली, "केंदाळाला पुस्तकी भाषेत जलपर्णी म्हणतात. तसं लिही, म्हणजे त्याचे तरी मार्क कापणार नाहीत."

नातीनं लिहिलं. निम्मे मार्क कापून आले. खाली लाल शाईत शेरा: उत्तर फळ्याप्रमाणे लिहावे. तिनं शेरा वाचला आणि दप्तर भरून ठेवलं. रडली नाही. मी रडले, आत जाऊन, रागानं.

आता प्रश्न राहिला बरणीचा. ती गॅलरीत कुंड्यांच्या मागं तशीच आहे. सुनेनं चारदा सांगितलं, ओतून टाका. मी परवा उचलली आणि मोरीकडं निघाले तर नात आडवी आली.

"मोरीत नको. मोरीचं गटारात जातं, गटाराचं नाल्यात, नाल्याचं नदीत. परत तिथंच."

"मग नदीतच नेऊन ओतूया की सरळ."

"तू ओतशील? ते नदीत?" तिनं अशा नजरेनं बघितलं की मी बरणी खाली ठेवली.

"कुंडीत ओतू?"

"झाड मेलं तर?"

"मग कुठं ओतायचं गं बाई? सांग."

तिनं खूप विचार केला. एवढं मोठं कोल्हापूर, पण एक बरणीभर पाणी ओतायला तिला जागा सापडेना. मलाही सापडली नाही. शेवटी तिनं टोपण काढून एकदा हुंगलं, तोंड वाकडं केलं, श्वास धरला नाही ना म्हणून परत एकदा हुंगलं, आणि टोपण आधीपेक्षा घट्ट लावून बरणी जाग्यावर ठेवली.